चारशे मीटर

"चंचीत बसते का पाहू द्या," मी म्हटलं.

दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. त्यानं काचेवर दोन यंत्रं मांडली होती. एक जाड, पिवळं, कडांना रबर, डोक्यावर बोटाएवढा अँटेना, पाठीत दोन पेन्सिल सेल. दुसरं काळं, चपटं, तळहातात मावणारं. पत्त्यांच्या कॅटापेक्षाही बारीक.

"साहेब, हे चपटं त मोटारीचं आहे न," तो म्हणाला. "समोरच्या काचेले चिकटवाचं. आतून बाई बोलते, आता उजवीकडे वळा, आता डावीकडे. पण पायी चालणाऱ्याचीबी सोय केली आहे त्याच्यात. हे पाहा, इथं दाबलं की गाडीचं चित्र. पुन्हा दाबलं की चालणारा माणूस. गाडीत लावा नाहीतर खिशात ठेवा."

खंडारे मॅडमनी जाडं उचललं. त्या आमच्या रेंजच्या आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल. मी त्यांच्या हाताखाली वनरक्षक. आमच्याकडं सातपुड्यात वनरक्षकाला नाकेदार म्हणतात.

"ढोके, मला हेच बरं वाटतं. पडलं तरी फुटणार नाही. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतील. त्या बारक्याचं चार्जिंग जंगलात संपलं तर काय करणार?"

"आठ तास चालते, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"मॅडम, जाडं गळ्यात अडकवलं की झुडपात अडकते," मी म्हटलं. "आणि हे तुमच्या जीपमध्येही चालेल. एकात दोन कामं."

बोलता बोलता मी खिशातून चंची काढली, चार कप्प्यांची, लाल कापडाची. मधल्या कप्प्यात ते चपटं यंत्र सरकवलं, गुंडाळलं, दोरी बांधली. बाहेरून काही कळत नव्हतं.

"तुम्ही तंबाखू कधीपासून खायला लागलात?"

"आताच, मॅडम."

त्या हसल्या. "जंगल कुणाला काय शिकवेल!"

चपटं घेतलं. एकच. आधी माझ्या बीटवर, म्हणजे माझ्याकडच्या जंगलाच्या तुकड्यावर, महिनाभर वापरून बघायचं, ठीक वाटलं तर चौदाही बीटना द्यायचं, असं ठरलं होतं. रोज हद्दीची फेरी, सव्वाबारा किलोमीटर. नाकेदार चालला की त्याची रेघ यंत्रात उमटते, कुठं होता, किती वाजता होता, किती वेगानं होता. महिन्याच्या शेवटी मॅडम ती रेघ संगणकावर उघडणार.

जीपमध्ये बसताना त्या म्हणाल्या, "ढोके, आता डायरीत फेरी लिहून भागायचं नाही हां. हे खोटं बोलत नाही."

"म्हणूनच घेतलं, मॅडम."

.

६:४० — कुटी. शून्य.

७:२५ — टेंबरूचा दांड. दोन किलोमीटर सहाशे.

८:३० — घोगरा नाला, वरचं अंग. सहा किलोमीटर चारशे.

९:५० — घोगरा नाला, खालचं अंग. अकरा किलोमीटर दोनशे.

ही एका दिवसाची रेघ आहे. मार्च महिना, फेरीचा एकोणिसावा दिवस. रेघ माझ्या नावावर आहे. चालणारा मी नव्हतो.

.

चंची बाटूची होती. बाटू कासदेकर, माझ्या बीटवरचा रोजंदारी वनमजूर. कोरकू माणूस, वयानं माझ्याच बरोबरीचा, पंचेचाळीसचा. यंत्र घ्यायला मी अमरावतीला निघालो त्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून मागून घेतली होती. त्यानं आतली तंबाखू तळहातावर ओतून घेतली आणि विचारलं, "नाकेदार, माह्या चंचीले शहर दाखवता काय?"

रोज पहाटे तो भुरीढाणा या त्याच्या वस्तीवरून जंगलातल्या माझ्या चौकीवर, कुटीवर यायचा. मी यंत्र सुरू करायचो, माणसाचं चित्र आणायचो, चंचीत घालून त्याच्या कमरेला खोचायचो. मग तो फेरीला जायचा आणि मी कुटीत बसायचो. सव्वादहाला परत यायचा. यंत्र मी घ्यायचो, चहा तो घ्यायचा.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून गाडीचं चित्र राहून गेलं. बाटू अर्ध्या तासात पळत परत आला, चंची हातभर लांब धरून.

"ह्याच्यात बाई हाय."

"कसली बाई?"

"इंग्रजीत बोलली. कमरेतून. मी म्हटलं, भुतीण असन. चंची फेकली, पुन्हा आनली. बायकोले समजलं त घरात घ्याची नाही मले."

आम्ही दोघंही बराच वेळ हसलो. मग मी त्याला चित्र ओळखायला शिकवलं आणि नियम सांगितले.

"थांबायचं नाही. दहा मिनिटं थांबलास की नकाशावर गाठ पडते. मॅडम गाठीवर बोट ठेवणार."

"मुतू त द्यान?"

"चालता चालता मूत."

"असं सरकार पाह्यलं नाही बाप्पा."

"आणि लाईन सोडायची नाही. हद्दीच्या लाईननं उतरायचं, लाईननंच चढायचं. काही झालं तर मी समोरून येतो. लाईनवर असलास तर सापडशील."

"कंबर घेऊन येसान?"

"कंबर घेऊन."

माझी कंबर धरते, चढ-उतार होत नाही, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. त्यानं पुढं काही विचारलं नाही. बायकोकडून करंजाचं तेल आणून दिलं. मी ते दोन वेळा लावलंसुद्धा, त्याच्यासमोर.

.

एकोणिसाव्या दिवशी दहाच्या सुमाराला नाल्याकडून वानरं खाकरली, जनावर दिसल्यावर खाकरतात तशी. एकदा नाही, पुन्हापुन्हा, झाडं बदलत. मी कुटीचं दार ओढून घेतलं आणि डाळ शिजत घातली.

सव्वादहा झाले. अकरा झाले. डाळ शिजली, उतरवली, झाकून ठेवली. दोघांचे तांदूळ धुतले.

बाराला मी मोटरसायकल काढली. घोगऱ्याची लाईन कुटीच्या पाठीमागून उतरते. भुरीढाण्याचा कच्चा रस्ता पुढच्या बाजूनं जातो. मी पुढच्या बाजूनं गेलो.

१२:१५ — अकरा किलोमीटर दोनशे ऐंशी.

बाटूची बायको सुकाय अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सारवलेल्या जमिनीवर हातानं पसरत, मधूनच काडी उचलून फेकत.

"बाटू आला का घरी?"

"तुमच्याकडेच त गेला. अंधार होता तवा."

"कुटीवर नाही आला परत. बहिणीकडं वगैरे गेला असेल."

तिनं हात थांबवला. "बहिनीकडे? चहा न घेता? तुमच्या कुटीवरच्या साखरेसाठी जाते तो, कामासाठी नाही."

"येईल. मी बघतो."

"कुठं पाह्यता?"

"इकडंतिकडं."

"ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं पाहा न." मग माझ्याकडं आणि मोटरसायकलीकडं बघून म्हणाली, "नाकेदार, कंबर दुखते म्हनता, गाडीवर त बरे बसता."

मी किक मारली.

१:४० — अकरा किलोमीटर तीनशे पंचाण्णव.

बहिणीच्या ढाण्यावर गेलो. तिथं नव्हता. मोहाच्या दारूची भट्टी लावणाऱ्या एकाच्या घरी गेलो. तिथं नव्हता. तो असणार नाही हे मला दोन्ही ठिकाणी आधीच माहीत होतं. मग एकच जागा उरली. मी मोटरसायकल रेंज ऑफिसकडं वळवली. ऑफिसच्या दारात जीप उभी असते, जीपमध्ये दोर, स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी. तिथून घोगऱ्याच्या खालच्या अंगाला चाळीस मिनिटं लागतात. वाक्य मी रस्त्याभर तयार केलं. मॅडम, बाटू कासदेकर सकाळपासून सापडत नाही. एवढंच वाक्य. पण त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला होता. तो तिकडं काय करत होता? आणि त्याच्या पुढचा. यंत्र कुठं आहे? एकोणीस दिवसांच्या रेघा त्या यंत्रात होत्या, सगळ्या माझ्या नावच्या. निलंबन नक्की, पुढं नोकरीही जाणार. बावीस वर्षांची होती.

"अरे, ढोके!" मॅडम फायलीतून वर बघत म्हणाल्या. "तुमचीच आठवण काढत होते. कसं चाललंय आपलं यंत्र?"

"चांगलं आहे, मॅडम."

"आजची फेरी झाली?"

"झाली."

"आणलंय का? बघू तरी."

"कुटीवर आहे. सोलरवर चार्जिंगला लावलंय."

"मग आज इकडं कसे?"

खिडकीतून जीप दिसत होती. ड्रायव्हर बॉनेट उघडून पाणी घालत होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून तीस मिनिटं झाली होती.

३:३२ — अकरा किलोमीटर पाचशे एक्याण्णव.

"मस्टरचे कोरे कागद संपले, मॅडम."

त्यांनी कपाटातून काढून दिले. पंचवीस कागद. मी मोजून घेतले, सही केली.

"चेहरा उतरलाय तुमचा. ऊन लागलं का? पाणी प्या."

मी पाणी प्यायलो.

४:१० — अकरा किलोमीटर सहाशे.

५:५० — तेच.

ह्याच्या पुढं रेघ नाही. चार्जिंग संपलं.

.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी भुरीढाण्यात जाऊन सांगितलं की बाटू हरवला आहे. वीस-बावीस माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन निघाली. मी त्यांना नाल्याच्या खालच्या तोंडाशी पाठवलं. वरून, कुटीकडून, मी एकटा उतरतो म्हणालो. एक म्हातारा म्हणाला, "नाकेदार, एकटे कायले?" मी ऐकलं नाही असं केलं.

लाईन मोकळी होती. वणवा अडवण्यासाठी आधीच जाळून काढलेली, पाच हात रुंद, काळी. कुटीपासून तो सापडला तिथपर्यंत साडेसहाशे मीटर भरतं. मला नऊ मिनिटं लागली.

तो लाईनच्या मधोमध पालथा होता. तोंड चढाकडं, कुटीकडं. अस्वलानं डोक्याची कातडी मागून पुढं ओढली होती आणि एक मांडी फाडली होती. मोहाच्या दिवसांत अस्वलं सकाळी उशिरापर्यंत झाडाखाली असतात. त्यांना नीट दिसत नाही. माणूस अगदी जवळ आल्यावर कळतो, मग ती त्याच्यावर धावतात. हे बाटूला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. स्वतःच्या मनानं चालला असता तर मोहाला लांबून वळसा घालून गेला असता. पण लाईन मोहाखालूनच जाते.

त्याच्या मागं जळक्या गवतावर ओढल्याची पट्टी होती. ती वळणापलीकडं गेलेली दिसत होती. मी वळणापर्यंत गेलो नाही.

मी त्याच्या कमरेची चंची सोडवली. दोरी रक्तानं कडक झाली होती, दातानं तोडावी लागली. चंची शर्टाच्या आत घातली. खालून माणसांच्या हाका येऊ लागल्या होत्या. मग मी लाईनच्या कडेला गेलो, तिथल्या मोहाखालची फुलं ओंजळभर वेचली आणि आणून त्याच्या हाताशी टाकली.

नंतर ओरडलो, "इकडं! इकडं आहे!"

पंचनाम्यात तेच आलं. मोहफुलं वेचण्यास गेला असता. अक्षर माझंच आहे.

.

यंत्र त्या दुपारी सोलरवर लावलं. चालू झालं. पडद्यावर आधी चालणारा माणूस आला. मग मी रेघ उघडली.

नऊ पन्नासला गाठ होती. पंधरा मिनिटांची. तिथून रेघ पुढं निघाली होती. ज्याच्या बारीकपणावर आम्ही दुकानात भांडलो त्या यंत्रानं मीटर-मीटर टिपला होता. सहा मीटर, थांबा. नऊ मीटर, थांबा. एका ठिकाणी पन्नास मिनिटं थांबा आणि मग सलग एकवीस मीटर. खाली, नाल्याच्या तोंडाशी, डांबरी रस्ता होता. उताराचा, अडीचशे मीटरवर. तासाला दोन गाड्या तरी जायच्याच. रेघ त्या बाजूला कुठंही वळलेली नव्हती. लाईन सोडलेली नव्हती. सरळ चढाला, माझ्याकडं.

पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. हो दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं. पुन्हा हो दाबलं. वर जे आकडे दिलेत ते आठवणीतले आहेत. त्यात चूक नाही.

माझी कंबर कधीच दुखत नव्हती. आदल्या वर्षी घोगऱ्यात एक अस्वल माझ्या अंगावर आलं होतं. मी झाडावर चढलो आणि चार तास उतरलो नाही. तेव्हापासून मी त्या नाल्यात पाय ठेवला नव्हता. डायरीत फेऱ्या लिहायचो. यंत्र येणार असं कळलं तेव्हा मी एवढंच बघितलं की दुसऱ्याच्या कमरेला कोणतं दिसणार नाही.

मॅडमनी यंत्र उघडून बघितलं. "एकोणिसाव्या दिवसाचं काहीच नाही?"

"बॅटरी गेली, मॅडम. सकाळीच."

"फेरी झाली म्हणाला होतात."

"झाली. उमटली नाही."

त्या यंत्राकडं बघत राहिल्या. माझ्याकडं बघितलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही. "मी म्हटलं होतं, जाडंच घ्या. बारीक वस्तूंचा भरवसा नाही." चौदाही बीटना पिवळी जाडी यंत्रं आली. चपटं त्यांच्या जीपच्या काचेला चिकटलं.

आठ तासांचं सांगितलं होतं. ते अकरा तास चाललं होतं.

.

महिन्याभरानं सुकायनं निरोप पाठवला. मी गेलो. ती दारात बसली होती. मला बस म्हणाली नाही.

"नाकेदार, ते मशीन सांगते न, माणूस कुठवर गेला ते?"

"कोणतं मशीन?"

"त्याच्या कमरेतलं. मले मालूम हाय. पयल्या दिवशी बाई बोलली, तेबी मालूम हाय. घरी येऊन हसत होता."

मी वळून मोटरसायकलीकडं बघितलं.

"काय सांगतलं मशीननं?"

"जागच्या जागी गेला, सुकायबाई. काही कळलंही नसेल त्याला."

"मंग कोपराची सालटी कायनं निघाली?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी धुतलं न त्याले. दोन्ही कोपराले हाड दिसत होतं. हनुवटीले माती. जागच्या जागी गेला त माती कुठली?"

शेजारच्या अंगणात कुणीतरी मुसळ चालवत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"किती गेला तो?"

"चारशे मीटर."

"मीटर मले समजत नाही. चालून दाखवा."

"सुकायबाई—"

"चालून दाखवा. मी येतो मागून."

कोरकू बायका मराठी बोलताना येतो-जातो म्हणतात. मी तिच्या उंबऱ्यापासून चालायला लागलो. माझं पाऊल पाऊण मीटरचं. पाचशे तीस पावलं व्हायला हवीत. मी मनात मोजत होतो. घरं संपेपर्यंत दोनशे झाली. हापशी मागं पडली. शाळेची भिंत मागं पडली. वाटेत बायका दारात येऊन बघत होत्या. ती माझ्या पाठीमागं होती. तिच्या पायातल्या कड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. शाळेपुढं ढाण्याची वाट शेतात उतरते. पाचशे तीसला मी थांबलो.

"इथवर."

तिनं वळून बघितलं. तिचं घर इथून दिसत नव्हतं. शाळेचा पत्रा तेवढा दिसत होता.

"किती टाइम लागला त्याले?"

"सहा तास."

तिनं ओठ हलवले. आकडा तिला कळला होता.

"आन तुमी कुठं होते?"

मी हात वर केला आणि पुढं दाखवलं. समोर उन्हाळी नांगरलेली शेतं होती, मोकळी, लांबपर्यंत. त्यांच्या पलीकडच्या बांधावर एकच झाड होतं.

"एवढ्यावर. त्या झाडाएवढ्यावर. कुटीत."

"तिथं?"

"हो."

"आयकू नाही आला त्याचा आवाज?"

"नाही," मी म्हटलं. "एवढ्यावरून येत नाही."

 ती झाडाकडं वळली. दोन्ही हात तोंडाभोवती धरले, छाती भरून घेतली आणि एकच हाक मारली. शब्द नव्हता तिच्यात.

पलीकडं झाडाखाली कुणीतरी बैल सोडून पडलं होतं, ते मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. तो माणूस उठून उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून आमच्याकडं बघितलं आणि धावत निघाला.